स्थिर अवस्थेत यावे

धम्मदीप मेश्राम चाचणीला आला तो त्याचा चांगला दिवस होता. घात झाला तो त्यामुळेच.

सन २०३७, नोव्हेंबर महिना. वैनगंगेच्या पूर्वेला, तलावांच्या मुलखात धानोली नावाचं तालुक्याचं गाव. तिथल्या रेशन दुकानाला लागून पत्र्याची एक खोली होती. बाहेर पाटी, ‘क्षमता केंद्र’. आत एक टेबल, टेबलावर वहीएवढी काळी काच आणि काचेपलीकडच्या खुर्चीत रजनी मेश्राम. रजनी धम्मदीपची थोरली बहीण. तिचं वय त्रेचाळीस, त्याचं एकोणतीस. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचं दुखणंखुपणं, शाळा, रुसवेफुगवे सगळं रजनीनंच काढलं होतं.

“डावा हात काचेवर ठेवा. बोटं पसरा. दहा सेकंद हलवू नका.” रांगेतल्या प्रत्येकाला म्हणायची तेच ती त्यालाही म्हणाली.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच ना, ताई?” असं म्हणत त्यानं हात ठेवला.

काचेखाली तांबूस उजेड पसरला. हाताच्या कडा निखाऱ्यासारख्या दिसू लागल्या. दहा सेकंदांनी हिरवा दिवा लागला आणि बाजूच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. रजनीनं आकडा पुन्हा पुन्हा वाचला. चौऱ्याहत्तर. खाली शिक्का: ‘सक्षम’.

“कमी आला का?” त्यानं विचारलं.

“जास्त आला.”

“मग चांगलंच हाय ना!” मागून कुणीतरी बोललं आणि रांग हसली. धम्मदीपही हसला. रजनीला मात्र चिठ्ठी त्याच्या हातात देववेना.

त्या वर्षीपर्यंत गरिबाच्या घरी दोन कार्डं असत. एकावर तांदूळ मिळे, दुसऱ्यावर दवाखाना. नव्या सरकारनं दोन्ही मोडून एकच ‘समर्थ कार्ड’ केलं. ज्याला गरज त्यालाच आधार, अशा जाहिराती गावोगाव भिंतींवर झळकल्या. गरज कुणाला, हे काच ठरवणार. साठाच्या खाली आकडा आला तर माणूस अक्षम. त्याचा तांदूळ आणि उपचार चालू. साठ किंवा त्याच्या वर आला तर तो सक्षम, आणि सक्षम माणसानं महिन्याला ऐंशी तास नोंदणीकृत काम केलं तरच कार्ड जिवंत राहणार. म्हातारपणाची सूटसुद्धा काढून टाकली होती. कागदावरचं वय खोटं असू शकतं, शरीर खोटं बोलत नाही, असं मंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं आणि बाकं वाजली होती.

धम्मदीपला सिकलसेल होता. त्या भागात घराआड एक तरी असा रुग्ण सापडतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात, बारीकशा रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या माणसाच्या पेशी मात्र थंडी वाजली, पाणी कमी पडलं किंवा अतिश्रम झाले की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि वाटेतच अडकून बसतात. जिथे त्या अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही, आणि मग हाडं आतून कुणी पिळावीत तशी वेदना सुरू होते. पंधरा-वीस दिवस धम्मदीप तुमच्याआमच्यासारखा असे. घरच्या ओसरीत बसून लोकांचे मोबाइल, मिक्सर, पंखे दुरुस्त करी. मग तीन-चार दिवस उशीचा कोपरा दातांत धरून पडून राही. रोजची गोळी आणि वर्षातून दोनदा रक्त, यावर त्याचं गाडं चाललं होतं. दोन्ही त्या कार्डावर मिळत. ओसरीतलं काम नोंदणीकृत नव्हतं. ते सरकारी हिशेबात कामच नव्हतं.

रजनीला चिठ्ठी देववेना त्याला आणखी एक कारण होतं. ती काच तिनंच गावात आणली होती.

नऊ वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत डॉ. अरुंधती बिडवई या यंत्रावर काम करत होत्या. तेव्हा त्याला काच म्हणत नसत, त्याला नावच नव्हतं. कल्पना मोठी सुंदर होती. तांबड्या प्रकाशापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण कातडीतून आत जातात आणि रक्ताला भेटून परत येतात. किती परत आले, कसे आले, यावरून रक्तात प्राणवायू किती, ते वाहतं किती वेगानं, स्नायू तो प्राणवायू वापरतात कसे, हे सुईचा एक टोचाही न लावता कळतं. डॉक्टरबाईंना त्यावरून सिकलसेलची वेदना यायच्या आदल्या दिवशी ओळखायची होती. म्हणजे माणूस वेळेवर पाणी पिईल, ऊब घेईल, दवाखाना गाठेल.

रजनी तेव्हा त्या प्रकल्पात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. तीन वर्षं ती सायकलवरून सतरा गावं फिरली. अकराशे चाळीस माणसांचे हात तिनं त्या काचेवर ठेवले. लोक घाबरत. या उजेडानं रक्त आटेल, हातावरच्या रेषा पुसल्या जातील, काय काय म्हणत. रजनी स्वतःचा हात आधी ठेवून दाखवी. “तुमच्याच भल्यासाठी हाय,” ती सांगे. कुणाला वेदना सुरू झाल्याचा निरोप आला की हातातलं काम टाकून धावत जाई, कण्हणाऱ्या माणसाचा हात आपल्या हातात धरून काचेवर टेकवी. अशी ऐन वेदनेतली दोनशे बारा मापनं तिनं गोळा केली. त्यांतली एकोणीस धम्मदीपची होती.

पुढे प्रकल्पाचा पैसा आटला आणि एका कंपनीनं ते तंत्र विकत घेतलं. रक्त आणि स्नायू यांच्या या हालचालीवरून हे शरीर किती कष्ट सोसू शकेल याचा अंदाज बांधता येतो, हे कंपनीच्या लोकांच्या ध्यानात आलं. सरकारला नेमकं तेच हवं होतं. रजनीला ‘अनुभवी’ म्हणून काचेच्या चालकाची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी तिला आनंदच झाला होता. आपलं यंत्र परत आलं, असं तिला वाटलं होतं.

* * *

हिवाळ्यात धानोलीत नोंदणीकृत काम एकच निघालं: गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातला गाळ उपसणं. सकाळी सातला हजेरी, गुडघाभर पाणी, डिसेंबरची थंडी.

“तू जायचं नाही,” रजनी म्हणाली.

“मग गोळ्या कोण देईल? तुझी काच?”

“मी काहीतरी करते.”

“काय करशील? आकडा खोडशील?” धम्मदीप गमबूट चढवत म्हणाला. “ताई, तुझ्याच काचेनं मले धडधाकट ठरवलं. आता तू मले आजारी म्हणू नको.”

सोळा दिवस त्यानं काम केलं. रोज चार तास, त्याहून जास्त त्याला जमत नव्हतं. सतराव्या दिवशी पाण्यातच त्याची मांडी धरली. लोकांनी त्याला उचलून काठावर ठेवलं तेव्हा तो दगडासारखा ताठ झाला होता आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. भरले होते चौसष्ट तास. तो अंथरुणातून उठायच्या आतच एक तारीख आली आणि कार्ड आपोआप बंद पडलं.

ज्याला निकाल मान्य नाही त्यानं फेरचाचणी मागावी, असा नियम होता. रजनीनं त्याच दिवशी अर्ज भरला आणि त्याला ऑटोत आडवं घालून केंद्रावर आणलं. रांगेनं वाट करून दिली. त्याचा हात बर्फासारखा गार पडला होता. नऊ वर्षांपूर्वी धरायची तसाच तिनं तो आपल्या हातात धरला आणि काचेवर टेकवला.

तांबूस उजेड लागला, विझला. पुन्हा लागला, विझला. मग काचेवर अक्षरं उमटली.

‘सिग्नल अस्थिर. चाचणी अपूर्ण. लाभार्थ्याने स्थिर अवस्थेत यावे.’

रजनीनं पुन्हा हात टेकवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. धम्मदीपच्या तोंडून आवाज निघाला, माणसाच्या तोंडून निघू नये तसा. रांगेतल्या बायांनी तोंडं फिरवली.

“आजारी हाय म्हणून आणला,” रजनी काचेला म्हणाली. खरोखर, ती काचेशी बोलत होती. “आजारी हाय म्हणूनच आणला ना! बरा झाल्यावर आणू? बरा झाल्यावर?”

जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त होतं, खाट होती, डॉक्टर होते. धम्मदीपकडे चालू कार्ड नव्हतं. चार दिवस तो व्हरांड्यात सलाईनवर होता. पाचव्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं स्वतःच्या सहीवर रक्त लावलं. जीव वाचला. पण तोवर रक्ताविना त्याच्या डाव्या खुब्याचं हाड मेलं होतं. आता तो जन्मभर पाय ओढत चालणार होता.

घरी आल्यावर, वेदना शमल्यावर, तो काठी टेकत स्वतः केंद्रावर आला. स्थिर अवस्थेत. काचेला तळहात दिसतो, खुबा दिसत नाही. आकडा आला एकाहत्तर. सक्षम.

* * *

फेब्रुवारीत रजनी नागपूरला गेली. डॉ. बिडवई निवृत्त झाल्या होत्या. बंगल्याच्या अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी तिला ओळखलं, बसवलं, चहा दिला. रजनीनं चहाला हात लावला नाही.

“मॅडम, माझी ती दोनशे बारा मापनं. वेदनेतली. ती काचेला शिकवली होती ना तुम्ही?”

डॉक्टरबाईंनी आपला कप खाली ठेवला.

“ही यंत्रं उदाहरणं बघून शिकतात, रजनी. हजारो हात दाखवायचे, प्रत्येकाबरोबर सांगायचं की हा माणूस इतकं काम करू शकला, तो तितकं. मग यंत्र स्वतःच नियम बांधतं. कंपनीला स्वच्छ उदाहरणं हवी होती. वेदनेतल्या हाताचं रक्त वेडंवाकडं वाहतं, आकडे कुठल्याच रेषेत बसत नाहीत. त्यांनी ती सगळी वगळली. त्यांच्या भाषेत त्याला गोंगाट म्हणतात.”

“गोंगाट?”

“तांत्रिक शब्द आहे तो.”

“मॅडम, माणूस ओरडत होता. मी त्याचा हात धरला होता.” रजनीचा आवाज चढला. “म्हणजे आजारी माणूस कसा असतो, हे त्या काचेनं पाहिलंच नाही कधी? आणि ती आम्हाला सांगणार आजारी कोण?”

“मी विरोध नोंदवला होता.”

“कुठं?”

“बैठकीत. तोंडी.”

“आता लेखी द्या.”

“माझ्यावर करार आहे गं. मला बोलता येत नाही.” बाईंनी नजर कुंड्यांकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, “एक कर. पुन्हा अपील टाक. नियम बदललेत आता. या एक तारखेपासून, अपील निकाली निघेपर्यंत माणसाचं कार्ड चालू ठेवावं लागतं. बंद पडलेलंसुद्धा.”

परतीच्या बसमध्ये रजनी त्या वाक्याशी झगडत राहिली. अपील निकाली कधी निघतं? फेरचाचणी पूर्ण झाली की. आणि फेरचाचणी पूर्ण कधी होते? काचेला हात नीट वाचता आला की. नाहीच आला तर? काचेला वाचता येऊ नये असे हात कोणते, हे त्या तालुक्यात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गार पडलेल्या हातातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि परत येणारा प्रकाश तुटक होतो. दोनशे बारा वेळा तिनं हे पाहिलं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी बिरजाबाई कोडापे केंद्रावर आली. अडुसष्ट वर्षांची, सुतळीसारखी वाळलेली बाई. घरात एक विधवा सून आणि दोन नातवंडं. तिचा आकडा सहासष्ट आला होता.

“मी मोहफुलं वेचतो म्हणून का?” तिनं विचारलं. “अवो बाई, पोट भरत नाही म्हणून वेचतो मी. भरलं असतं तर घरी बसलो असतो. अन् हे काच म्हणते, वेचतेस तर तुले तांदूळ काहून?”

 रजनीनं उठून बाहेरच्या पाणपोईवरून रांजणातल्या पाण्याची बादली भरून आणली, शेजारच्या कुल्फीवाल्याकडून बर्फाचा खडा मागून त्यात टाकला आणि बादली टेबलाशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली.

“मावशी, अपिलाचा अर्ज मी भरते. तुम्ही दोन मिनिटं हात पाण्यात धरा. मग काचेवर ठेवा.”

सिग्नल अस्थिर. चाचणी अपूर्ण. लाभार्थ्याने स्थिर अवस्थेत यावे.

“म्हणजे काय झालं?”

“म्हणजे तुमचं कार्ड चालू.”

बातमी उन्हाळ्याच्या वणव्यासारखी पसरली. आठवडाभरात केंद्रावर अपिलांची रांग लागली. सिकलसेलच्या रुग्णांना मात्र रजनीनं बजावून ठेवलं होतं: बादलीला शिवायचं नाही, गार पाणी तुम्हाला विष. तुम्ही दुखेल त्या दिवशी या, काच आपोआप हात टेकेल. धम्मदीपही मार्चमधल्या एका वाईट दिवशी ऑटोतून आला आणि ‘अपूर्ण’ची चिठ्ठी घेऊन गेला. त्याचं कार्ड उघडलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी बहीणभाऊ एका ताटाला बसले.

एप्रिलअखेर तेराशे चिठ्ठ्या झाल्या. शेजारच्या चार केंद्रांवरही बादल्या दिसू लागल्या. मग जिल्हा समन्वयक पराग देशकर गाडीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज.

“मेश्रामबाई, तुम्ही शासनाची फसवणूक करताय.”

“काचेला आजारी माणूस कळत नाही, साहेब. मी तिला फक्त न कळणारा हात दाखवते.”

“मी भांडायला आलेलो नाही.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “या केंद्रावरच्या अपूर्ण चाचण्या चालकाच्या अपुऱ्या प्रशिक्षणामुळे झाल्या, एवढंच यात आहे. सही करा. चाचण्या दुसरा चालक पुन्हा घेईल. तुमच्यावर कारवाई नाही. आणि तुमच्या भावाची केस विशेष बाब म्हणून कायमची मंजूर. पुन्हा कधी चाचणी नाही. खुब्याचं ऑपरेशनसुद्धा होईल.”

तो कागद रजनीनं घरी नेला. धम्मदीपनं तो दोनदा वाचला.

“कर सही.”

“दीपू, मग तेराशे कार्डं बंद पडतील.”

“ऑपरेशन होईल म्हणते ना तो?”

“होईल.”

“मग?” त्यानं काठी भिंतीवर आपटली. “माझा खुबा गेला तेव्हा ते तेराशे लोक कुठं होते? रांगेत होते! तोंडं फिरवून उभे होते! तुले देव झालं पाहिजे का गावाचा? आधी माझ्या हातांवर ती काच शिकवली, आता माझ्याच पायावर आंदोलन चालवतेस?”

त्यात खोटं काहीच नव्हतं. रजनी चुलीशी जाऊन बसली. बऱ्याच वेळानं तिनं कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो चुलीत सरकवला. धम्मदीपनं ते पाहिलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. ती ताट वाढून ठेवी, तो ओसरीत नेऊन जेवी.

* * *

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात परिपत्रक आलं. असं परिपत्रक कुठल्या सरकारनं त्याआधी काढलं असेल असं वाटत नाही. ‘क्षमता केंद्रापासून दोनशे मीटरच्या परिसरात थंड पाणी, बर्फ, माठ, रांजण अथवा तत्सम साधने ठेवण्यास मनाई करण्यात येत आहे.’

धानोलीत त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. अपिलाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि आधीच्या अपूर्ण चाचण्याही त्याआत पुन्हा द्यायच्या होत्या, म्हणून चार-पाचशे माणसं रांगेत होती. सकाळी दहाला दोन पोलीस आणि देशकर आले. रस्त्यावर चुन्याची रेघ ओढली गेली. पाणपोईचे तिन्ही रांजण उलटे केले. पाणी धुळीत पडलं आणि बघता बघता वाळलं. हॉटेलवाल्यानं, कुल्फीवाल्यानं भीतीनं दुकानं ओढून घेतली.

आत रजनीचा हात यंत्रासारखा चालत होता. बादली नव्हती, उन्हात भाजलेले हात काचेवर येत होते आणि काच ते भराभर वाचत होती. सक्षम. सक्षम. सक्षम. तापलेल्या कातडीत रक्तवाहिन्या फुलतात, रक्त सळसळत वाहतं. काचेला तो ताकदीचा पुरावा वाटत होता.

साडेबाराला बाहेर गलका झाला. बिरजाबाई रांगेत खाली बसली होती आणि मग आडवी झाली होती. रजनी धावत बाहेर आली. म्हातारीचं अंग तव्यासारखं तापलं होतं, घाम नव्हता, जीभ कोरडी पडली होती.

“पाणी आणा कुणीतरी!”

कुणी हललं नाही. पाणी होतं ते चुन्याच्या रेघेपलीकडे.

तेवढ्यात त्या बाजूनं धम्मदीप येताना दिसला; रांजण उलटे केल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात घरचा पाण्याचा कॅन. डावा पाय ओढत, भर उन्हात, डोकं उघडं. रेघेवर पोलीस आडवा आला.

“पाणी आत न्यायला मनाई आहे.”

“माहीत हाय.”

“दादा, ऐका. वरून आदेश आहे.”

देशकर पुढे आले. “धम्मदीप, तुमची केस अजून माझ्या हातात आहे. उगाच—”

“साहेब,” धम्मदीप म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण आवाज सगळ्या रांगेला ऐकू गेला. “पाणी प्यायला परवानगी लागायची, ते दिवस आमच्या घरानं पाह्यले हायेत. माझ्या आज्याच्या बापानं तळ्याच्या काठावर मार खाल्ला. तेव्हाही वरूनच आदेश होता. बाजूला व्हा.”

पोलीस धानोलीचाच होता. तो बाजूला झाला.

धम्मदीप रेघेवरून पाय ओढत आत आला. त्याच्या पायानं चुना लांबवर पुसला गेला. त्यानं गुडघा टेकला, तो टेकताना ओठ दातांत दाबला आणि म्हातारीच्या डोक्यावर, छातीवर पाणी ओतलं, ओली बोटं तिच्या ओठांना लावली. रजनी पलीकडून पदरानं वारा घालत होती. मग रांग मोडली. माणसं घरोघर पळाली आणि कळशा, बाटल्या, पातेली, मिळेल त्यात पाणी घेऊन परत आली. कुणी कुणाला विचारलं नाही. देशकरांच्या गाडीभोवती एवढी गर्दी झाली की त्यांना ती तिथेच सोडून पायी जावं लागलं.

बिरजाबाई वाचली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. सरकारी अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं: वार्धक्य.

ज्या सरकारनं तिला सहासष्ट आकड्यानं धडधाकट ठरवलं होतं, त्याच सरकारनं ती मेल्यावर तिचं वय शोधून काढलं. रजनीनं तो अहवाल आणि बिरजाबाईची ‘सक्षम’ची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. धम्मदीपनं तो जगभर पाठवला. पंधरा दिवसांत परिपत्रक मागे घेतलं गेलं, महिन्याभरात कोर्टानं काचेच्या चाचण्यांना स्थगिती दिली आणि जुनी कार्डं तात्पुरती चालू झाली. रजनीची नोकरी गेली. धम्मदीपचं ऑपरेशन विशेष बाब म्हणून झालं नाही. सगळ्यांच्या यादीत त्याचा नंबर लागला, दोनशे एकेचाळिसावा.

ऑगस्टमध्ये डॉ. बिडवईंचा फोन आला. आवाजात जुना उत्साह होता.

“रजनी, चांगली बातमी आहे. कोर्टानं यंत्र सुधारायला सांगितलंय. मी सल्लागार आहे आता. या वेळी वेदनेतले हात वगळायचे नाहीत, उलट तेच आधी घ्यायचे. तुझ्याशिवाय लोक हात देणार नाहीत गं. पुन्हा फिरशील?”

“फिरेन. आधी लेखी द्या, की ही मापनं कुणाच्या ताटातला भात काढायला वापरणार नाही.”

“ते सरकार ठरवतं. ते माझ्या हातात नाही.”

“नऊ वर्षांपूर्वीही नव्हतं, मॅडम. मला माहीत नव्हतं, तुम्हाला होतं.”

तिनं फोन ठेवला. धम्मदीप ओसरीत कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता.

“काय म्हणत होती?”

“काच परत येणार हाय. अजून हुशार होऊन.”

त्यानं पेचकस खाली ठेवला. “मग?”

रजनीनं कोपऱ्यातली सायकल बाहेर काढली, चाकांत हवा भरली. सतरा गावं होती. पहिलं घर तिनं बिरजाबाईचं घेतलं. सून दारात आली, मागे दोन पोरं.

“आठवड्याभरात कुणी येईल,” रजनी म्हणाली. “गोड बोलेल. तुमच्या भल्यासाठी हाय म्हणेल. खरंही असेल कदाचित. पण हात द्यायच्या आधी सही-शिक्क्याचा कागद मागा. मी आले तरी मागा.”